कोजागिरीचं दूध आणि वरच्या मजल्यावरची मुलगी

मोगऱ्याचा_वेल (रविवार, रात्री १०.४०)

आधीच सांगते, हा शाकाहार की मांसाहार असा धागा नाही. मला बोलायचंय ते मांस न खाणाऱ्यांनी आपसात कसं वागावं याबद्दल. आणि चूक माझ्याच हातून झाली आहे.

आमची नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरातली जुनी बिल्डिंग, बारा बिऱ्हाडं. गच्चीवर काही असलं की सामिष नाही, हा ठराव न करता पडलेला पायंडा. पण म्हणून सगळे एकसारखं खातात असं नाही. पहिल्या मजल्यावर जैन कुटुंब आहे, त्यांना कंदमुळं चालत नाहीत आणि दिवस मावळला की पाणीसुद्धा नाही. आमच्या समोरच्या आजी महानुभाव पंथाच्या, त्या दुसऱ्या देवाला नैवेद्य दाखवलेलं घेत नाहीत. आमच्याकडे कांदेनवमी झाली की कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूण बंद. आणि वर तिसऱ्या मजल्यावर मिहानच्या उद्योगक्षेत्रात नोकरी करणारी एक मुलगी भाड्याने राहते. ती व्हीगन आहे. दूध, दही, तूप, मध काहीच घेत नाही, दोन वर्षं झाली.

कोजागिरीला आठ लिटर दूध आटवलं होतं. चारोळी, केशर, जायफळ. त्या मुलीने स्वतःच्या हाताने बदाम भिजवून, वाटून, गाळून छोट्या पातेल्यात तिचं दूध आणलं होतं. ओगराळं माझ्या हातात होतं. पोरांना तिचं बदामाचं दूध फार आवडलं, दोनदा-दोनदा मागून प्यायली, आणि ती बिचारी सगळ्यांना पेले देत फिरत होती. शेवटी स्वतःचा पेला घेऊन आली तेव्हा तिचं पातेलं रिकामं होतं. मी आमच्यातलं दूध ओतलं आणि दिलं. रंग सारखाच, केशर दोन्हीत.

दोन घोट घेतले तिने. मग विचारलं, "काकू, हे माझ्यातलंच ना?"

मी म्हणाले, "अगं, एवढ्याने काय होतं?"

ती काही बोलली नाही. पेला कठड्यावर नीट ठेवला, सांडू न देता, आणि खाली निघून गेली. सकाळी भांडी गोळा करायला गेले तर पेला तिथेच होता. वर साय धरलेली, सायीत दोन मुंग्या.

आता खरं कारण. आदल्या आठवड्यात तिने बिल्डिंगच्या ग्रुपवर एका बांधलेल्या वासराचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं की दूध म्हणजे चोरी. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. सावनेरजवळच्या खेड्यात गाई दोहत वाढलेल्या. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि मला विचारलं, "म्हणजे मी जन्मभर चोरी केली का गं?" तेव्हापासून माझ्या मनात राग होता. तो मी पेल्यात ओतला.

तीन दिवस झोप नाही. एक गोष्ट सारखी टोचते. त्याच रात्री नैवेद्याच्या आधी आजींचा पेला मी आठवणीने बाजूला काढला होता. जैन वहिनींकडे उजेड असताना साडेपाचला वाटी नेऊन दिली होती. त्यांचे नेम मी कधी मोडले नाहीत, मोडायचं मनातही येत नाही. मग हिचाच का मोडला?

फोडणी (रविवार, रात्री ११.०५)

ताई, तुम्ही स्वतः लिहिलंत हे मोठं आहे, म्हणून स्पष्ट बोलते. ही फसवणूक झाली. कोणी तुमच्या वरणात मटणाचा रस्सा घातला आणि तुम्ही जेवल्यावर "एवढ्याने काय होतं" म्हटलं, तर तुम्ही त्या घरचं पाणी तरी प्याल का? तिच्यासाठी ते तसंच आहे. आपल्याला ते तसं वाटत नाही, हा मुद्दाच नाही.

जाऊन माफी मागा. त्या माफीत "पण तूही" येऊ देऊ नका. फोटोचं वेगळ्या दिवशी बोला.

काटोलचा_संत्रेवाला (सोमवार, सकाळी ७.२०)

मी काटोलकडचा. माह्या मायनं दोन म्हशींवर आम्हा तिघा भावंडांले शिकवलं. पहाटे चारले उठून दूध काढे, मी सायकलवर रतीब घाली. माह्या कॉलेजची फी त्या दुधातून गेली. म्हणून कोणी दुधाले चोरी म्हणते तेव्हा मले माह्या मायचे हातच दिसते, थंडीत भेगाळलेले. तुमच्या सासूबाईले काय वाटलं असन ते मले इथं बसून समजते.

पण एक खरं सांगतो, कारण लपवून काय फायदा. म्हशीले पारडी झाली की घरात आनंद आणि हेला झाला की सगळे चूप. हेल्याले कोण पोसणार? ट्रॅक्टर आल्यावर त्याचा काही उपयोग नाही. लहान असताना मी एकदा बापाले विचारलं होतं का तो हेला कुठं गेला. बाप बोलला नाही. ते चूप राहणं मले आजही आठवते. ती पोरगी जे म्हणून राहिली त्यात खोटं काही नाही, फक्त ज्याच्या तोंडावर फेकलं ते माणूस चुकीचं होतं. माय-आजीनं ही रीत तयार केली नाही, त्यायनं त्यात पोट भरलं.

इतवारी_गल्ली (सोमवार, सकाळी ९.५०)

मी जैन. तुम्ही साडेपाचला वाटी नेऊन दिलीत हे वाचून खूप बरं वाटलं. ज्याच्या घरी ती वाटी येते त्यालाच तिची किंमत कळते. नाहीतर अंधार पडल्यावरच्या कार्यक्रमात आम्ही रिकाम्या हातांनी बसतो आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी "घ्या ना थोडं" म्हणत असतं.

लहानपणापासून ऐकलेला प्रश्न: "आलू नाही, कांदा नाही, मग तुम्ही खाता तरी काय?" त्याचं आता काही वाटत नाही. वाईट वाटतं ते उलटतपासणीचं. अद्रक चालत नाही म्हटलं की लगेच, "मग सुंठ कशी चालते? हळद कशी चालते?" ओल्या कंदात असंख्य जीव मानले आहेत, शिवाय तो उपटला की रोपच जातं. वाळलेल्या हळदीचं आणि सुंठेचं तसं नाही, म्हणून बहुतेक घरांत ती चालते. मी हे हौसेने सांगेन, कोणी खरंच समजून घ्यायला विचारलं तर. पण विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, मी अडखळलेला बघायचा असतो.

आणि आमच्या लोकांनाही सांगतो. कांदा-लसूण खाणाऱ्याला "तामसी" म्हणून नाक मुरडणारे आमच्यातही आहेत. तेही तितकंच लागतं.

महालची_नात (सोमवार, दुपारी १.३०)

सगळ्यांचं पटतंय, पण एक विचारू का? बारा घरांचे बारा नेम सांभाळणार कोण? शेवटी ओट्यापाशी बाईच उभी असते. एकाला कांदा नको, एकीला तूप नको, एकाला वांगं नको, कोणाचा उपास. माझ्या आईने चातुर्मासात आयुष्यभर दोन-दोन भाज्या केल्या. नंतर नंतर ती स्वतः काय खायची ते कोणी पाहिलंच नाही. दयाबुद्धी ठीक आहे, पण तिचे कष्ट कोणाच्या वाट्याला जातात तेही बोला.

फोडणी (सोमवार, दुपारी २.०५)

@महालची_नात, अगदी बरोबर, आणि हे कोणी बोलत नाही. पण सगळ्यांसाठी सगळं करा असं मी म्हणत नाही. ती मुलगी स्वतःचं पातेलं घेऊन आली होती. तिला वेगळा स्वयंपाक नको होता. कशात काय आहे ते खरं सांगा, एवढीच तिची अपेक्षा. "संपलं गं तुझं, पाणी देऊ का?" याला कष्ट किती?

वर्धेची_वाट (सोमवार, रात्री ९.१५)

मूळ लेखात ताईंनी विचारलंय, "मग हिचाच का मोडला?" मला वाटतं धाग्याचं मर्म तिथे आहे. देवाने, पंथाने, घराण्याने घालून दिलेला नेम आपण जपतो. एखाद्याने स्वतःच्या मनाला पटलं म्हणून घेतलेला नेम मात्र आपल्याला फॅड वाटतो. मागे परंपरा नाही, म्हणजे तो मोडायला हरकत नाही, असं आपण न बोलता धरून चालतो.

आपल्यापासून ७५ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तिथे १९३६ पासून राहिलेल्या माणसाचं उदाहरण घेऊ. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर असताना १९१२ मध्ये दूध सोडलं. वैष्णव घरातला माणूस, घरी दूध-तूप पवित्र. कुठल्याही पंथाने हे सांगितलेलं नव्हतं, पटलं म्हणून सोडलं. पुढे १९१८ मध्ये आमांशाने पार खंगले, डॉक्टर दूध घ्या म्हणत होते आणि ते नाही म्हणत होते. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली, की तुमचा नेम गाई-म्हशीच्या दुधाचा होता, शेळीचं घ्या. त्यांनी घेतलं. पण आत्मकथेत त्यांनी लिहून ठेवलं की शब्द पाळला, नेमाचा आत्मा गेला, आणि ही गोष्ट त्यांना कायम सलत राहिली. एक घोट शेळीचं दूध, तेही जीव वाचवायला, स्वतःच्या मर्जीने घेतलेलं, तरी सललं. त्या मुलीने तर न कळत घेतलं.

दुसरी गोष्ट. गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असताना २० नोव्हेंबर १९३१ ला तिथल्या शाकाहारी मंडळापुढे ते बोलले. शेजारी हेन्री सॉल्ट बसले होते, ज्यांच्या लिखाणाने तरुणपणी गांधीजींचा शाकाहार पक्का केला. तिथे जमलेल्या शाकाहाऱ्यांनाच त्यांनी सांगितलं की लोकांना आपल्याकडे वळवायचं असेल तर सहनशील व्हा, थोडी नम्रता अंगी आणा.

आणि "व्हीगन" हा शब्दच मुळात घरातल्या भांडणातून आला. इंग्लंडच्या शाकाहारी मंडळातल्या काही सभासदांनी १९४४ मध्ये विनंती केली की आम्ही दूधही घेत नाही, आमच्यासाठी मासिकात थोडी जागा द्या. मिळाली नाही. तेव्हा डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेगळी संस्था काढली आणि व्हेजिटेरियन शब्दाची सुरुवात आणि शेवट जोडून नवा शब्द केला. मासिकात थोडी जागा मागितली होती त्यांनी. आपल्या गच्चीवर एक पातेलं होतं.

पांढरा_कोट (सोमवार, रात्री १०.३०)

डॉक्टर आहे, थोडक्यात लिहितो. दूध सोडणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून भीती घातली जाते: हाडं ठिसूळ होतील, केस गळतील. काळजी असेल तर काळजीसारखं बोला. बी-१२ हे जिवाणू तयार करतात, वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही, त्यामुळे व्हीगन माणसाने गोळी घेतलीच पाहिजे. पण दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांतही आपल्याकडे बी-१२ ची कमतरता भरपूर दिसते, तेव्हा बोट दाखवण्याआधी स्वतःची तपासणी करून घ्यावी. कॅल्शियमसाठी तीळ, नाचणी, हिरव्या भाज्या आहेत. आपल्या विदर्भातली जवसाची चटणी ओमेगा-३ साठी उत्तम.

आणखी एक. दूध न घेण्याचं कारण काही वेळा दुधातली साखर न पचणं हे असतं. पंगतीत चारचौघांसमोर कोणाला त्याच्या पोटाचा इतिहास सांगायला लावू नका.

हिरवा_माठ (मंगळवार, सकाळी ८.१०)

मी सहा वर्षांपासून व्हीगन, राहणार प्रतापनगर. आता माझ्या बाजूच्या लोकांबद्दल लिहितो, कारण ते आम्हीच लिहायला हवं.

पहिल्या वर्षी मी असेच फोटो पाठवायचो. रात्री बसून व्हिडिओ बघायचो, रडायचो आणि सगळ्यांना पुढे ढकलायचो. वाटायचं, एवढं कळल्यावर माणूस दूध पिऊच कसा शकतो. माझ्या आत्याने दिवाळीला तुपातले अनारसे केले, मी तिच्या तोंडावर बोललो की यात हिंसा आहे. तिने डबा बंद केला. त्यानंतर ती वारेपर्यंत मला तिने काही खायला विचारलं नाही. माझं मत आजही तेच आहे, पण मला ती डब्याचं झाकण लावताना दिसते.

आता काय करतो ते सांगतो. कुणाकडे जाताना माझं खाणं माझ्याबरोबर, आणि चार जणांना पुरेल एवढं. कोणी विचारलं तर एका वाक्यात सांगतो, पुन्हा विचारलं तर दुसरं वाक्य. समोरच्याच्या ताटाकडे बघून बोलत नाही. काटोलच्या दादांनी हेल्याचं लिहिलं ते मी शंभर फोटोंनी सांगू शकलो नसतो, आणि ते त्यांनी स्वतः लिहिलं, कोणी वदवून घेतलं नाही.

दूध घेणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की पाकिटावरचा हिरवा ठिपका आम्हाला पुरत नाही. दूध, तूप, मध असलं तरी तो ठिपका असतोच. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) वेगळे नियम २०२२ मध्ये आले, वेगळं चिन्हही आहे. म्हणून दुकानात आम्ही पाकीट उलटं करून वाचत उभे राहतो, त्याचा राग धरू नका. आणि "मग झाडांना जीव नसतो का?" हे प्रत्येक लग्नात चार जण विचारतात. पाचवे होऊ नका.

@मोगऱ्याचा_वेल, काकू, ती मुलगी पेला आपटून गेली नाही. सांडू न देता ठेवला, असं तुम्हीच लिहिलंय. जा वर.

मोगऱ्याचा_वेल (बुधवार, रात्री ११.२०)

काल संध्याकाळी गेले.

हातात काय न्यावं कळेना. खायचं काही नेणं बरं वाटेना. तिचं छोटं पातेलं माझ्याकडेच राहिलं होतं. ते घासून-पुसून घेतलं आणि गेले. दार उघडल्यावर एवढंच म्हणाले, "मी तुला आमच्यातलं दूध दिलं, ते मला माहीत होतं. चुकलं माझं." 'पण' आला होता ओठांवर, गिळला.

ती बराच वेळ पातेलं हातात घेऊन उभी होती. मग म्हणाली, "काकू, दूध पोटात गेलं त्याचं इतकं नाही वाटलं. पण मी आई-बाबांपासून लांब राहते, आणि या बिल्डिंगमध्ये फक्त तुमच्याच घरचं डोळे मिटून खात होते." मला त्यावर काही बोलता आलं नाही. पुष्कळ वेळ आम्ही दोघी दारातच.

फोटोचं मी काढलंच नाही. तिनेच काढलं. ग्रुपवर आजी आहेत हे तिच्या डोक्यातच नव्हतं. खाली आली आणि सासूबाईंच्या पलंगाशी बसली. त्यांनी तिला गाईचं सांगितलं. त्यांच्या माहेरी दोन सड वासराचे आणि दोन घरचे अशी रीत होती, वासराचा वाटा कोणी पिळला तर त्यांची आई जेवायला वाढायची नाही. मुलीने ऐकून घेतलं. म्हणाली, "आजी, आता गोठ्यांत असं राहिलेलं नाही हो." सासूबाई म्हणाल्या, "नसेल राहिलं." दोघींनीही आपलं मत बदललं नाही. सासूबाईंनी आज सकाळीही दुधाचा चहा घेतला.

मग त्यांनीच फर्मावलं की हिला वडाभात घाल. मी मनात एकेक जिन्नस तपासला आणि चकित झाले. तूर, हरभरा, मूग, उडीद, मठ या भिजवून भरड वाटलेल्या डाळी, जिरं, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, तळायला फल्ली (शेंगदाणा) तेल. गरम भात, त्यावर हाताने कुस्करलेला वडा आणि वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीचं कढत फोडणीचं तेल. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या होणारा पदार्थ, त्यात दूध-तुपाचा थेंब नाही. चातुर्मासामुळे लसूणही नव्हता. अद्रक मुद्दाम टाळलं, म्हणून पहिल्या मजल्यावरही सहा वाजायच्या आत वाटी गेली. ताकाची कढी आमच्यापुरती वेगळ्या पातेल्यात, दुसऱ्या ओट्यावर. तेल ओतताना चर्र आवाज झाला आणि पोरगी म्हणाली, "आई असंच करते."

@महालची_नात, तुमचं वाचून ठरवलं, ओट्यापाशी एकटी उभी राहणार नाही. वडे तिने तळले, डाळ मुलाने वाटली.

महालची_नात (गुरुवार, सकाळी ६.५०)

मुलाने वाटली हे वाचून फार बरं वाटलं, ताई. तुमची डाळ कशी भिजवता ते लिहा, सगळ्या एकत्र की वेगवेगळ्या? आणि दिवाळीचं काय करणार आहात? आमच्याकडे फराळाची ताटं इकडून तिकडे जातात आणि कशात काय आहे ते विचारायचा संकोच वाटतो.

मोगऱ्याचा_वेल (गुरुवार, सकाळी ११.१५)

डाळी एकत्रच, चार तास. तूर जुनी असेल तर थोडी जास्त.

दिवाळीचं काल रात्री ठरलं. यंदा ताट नाही, डबे. प्रत्येक डब्याच्या झाकणावर चिठ्ठी, म्हणजे कोणाला विचारायला नको. अक्षर त्या मुलीचं, सांगणार मी. या घ्या आतापर्यंत लिहिलेल्या:

चकली: भाजणी घरची, मोहन तेलाचं, लोणी नाही.
शेव: ओवा आहे, लसूण नाही.
पातळ पोह्यांचा चिवडा: दाणे, डाळवं, खोबरं, गोडलिंब. पिठीसाखर थोडी. कांदा नाही.
करंजी, लाल दोऱ्याचा डबा: मोहन तुपाचं, सारणात खवा.
करंजी, बिनदोऱ्याचा डबा: मोहन तेलाचं, सारण फक्त खोबरं, खसखस, साखर.
बेसनाचे लाडू: साजूक तूप. सासूबाईंनी वळले आहेत.
आजींचा डबा: लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्याआधी काढलेला.